छापील हरीण, विणलेला मोर

येवल्यात कापड ही केवळ नेसण्या-पांघरण्याची वस्तू नाही. ती गावाची ओळख आहे. रघोजी नाईकांनी हे गाव वसवले आणि विणकरांना बोलावून येथे स्थिर केले, असे गावातली वृद्ध मंडळी सांगतात. बाहेरच्या जगाला येवला तात्या टोपे ह्यांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धर्मांतराची घोषणा केली ती भूमी म्हणून ठाऊक असते. आणि बहुसंख्य लोकांना ते पैठणीचे गाव म्हणूनच ठाऊक असते. अशा गावात आम्ही दोघे गेली अनेक वर्षे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी माग आहे किंवा होता. उरलेल्यांच्या घरी शेती आहे. आणि ही सर्वच मुले टी-शर्ट घालतात. साहित्यविषयक पानावर टी-शर्टाचा विषय कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु प्रतिमा, संकेत, स्थलविशेष ह्या ज्या संज्ञा आपण वर्गात उच्चारतो, त्यांचा इतका रोकडा वापर आम्हांस दुसरीकडे कोठे आढळला नाही, म्हणून हा प्रपंच.

आठवडे बाजारात ढिगाने विकल्या जाणाऱ्या टी-शर्टांवर अलीकडे एक विशिष्ट प्रकारचे चित्र वारंवार दिसते. निळसर डोंगररांग, तिच्यामागे नारिंगी सूर्याचे अर्धे वर्तुळ, पुढे सूचिपर्णी वृक्षांची काळी दातेरी रेघ आणि खाली 'योसेमिटी' किंवा 'यलोस्टोन' असे एखादे नाव. हे कपडे कदाचित तिरुपूरला शिवले गेले असतील. ज्याच्या अंगावर आहेत त्याला हे नाव एखाद्या कंपनीचे वाटते. 'यलोस्टोन' हे जगातल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचे नाव आहे आणि ते उद्यान १८७२ साली अमेरिकेत स्थापन झाले, हे सांगितले की मुले सौजन्याने मान डोलावतात. ह्या चित्रशैलीचाही एक इतिहास आहे. महामंदीच्या काळात बेकार कलावंतांना काम मिळावे म्हणून अमेरिकी सरकारने ज्या योजना आखल्या, त्यांतील एका योजनेत १९३८ ते १९४१ ह्या काळात राष्ट्रीय उद्यानांची भित्तिपत्रके तयार झाली. ती 'सिल्क स्क्रीन' पद्धतीने छापली जात. चौकटीवर ताणून बसवलेल्या रेशमी जाळीतून रंग दाबून कागदावर उतरवायचा, आणि प्रत्येक रंगासाठी निराळी चौकट वापरायची. रंग जितके कमी, तितका खर्च कमी. त्यामुळे डोंगर, झरा, आकाश ह्यांचे सपाट, ठळक पट्टे झाले. आज आपण ज्याला ह्या चित्रांचे सौंदर्य म्हणतो, त्याचा बराचसा भाग काटकसरीतून जन्मलेला आहे. चौकटीवरची रेशमी जाळी पुढे कृत्रिम धाग्याची झाली. नाव मात्र रेशमाचेच राहिले. रेशमाच्या गावात राहणाऱ्यांना ही गोष्ट मौजेची वाटावी.

आता हीच निसर्गचित्रणाची गोष्ट आमच्या गावच्या मागावर कशी घडते, ते पाहू. रेशीम बेंगळुरूकडून येते, जर सुरतेहून. पदर विणताना ताण्याखाली नक्षीचा आलेख धरलेला असतो आणि वर निरनिराळ्या रंगांच्या छोट्या छोट्या कांड्या हातांनी एकमेकींत गुंतवत विणकर एकेक ओळ पुढे सरकतो. जरीच्या भूमीवर रेशमाचा मोर उमटतो तो असा, सुताच्या मापाने. मोराची मान वळते तीही पायऱ्यापायऱ्यांनी. कारण ताणा-बाण्याच्या व्यवस्थेत उभी रेघ आहे, आडवी रेघ आहे, वक्ररेषा नाही. ती विणकराला निर्माण करावी लागते. अशा हातविणीच्या पदराची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ असते. मागे धागे लोंबकळत नाहीत. मोर, मुनिया, कमळ, असावलीचा वेल, काठावरची नारळी ही सारी नक्षी कित्येक पिढ्यांची आहे. तिच्यातील कमळाचे आणि मोराचे नाते अजिंठ्याच्या भित्तिचित्रांशी जोडले जाते.

परंतु हा मोर कोठला? ह्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते नसणे हेच त्या मोराचे वैशिष्ट्य आहे. तो अंकाईच्या पायथ्याचा नव्हे, गोदाकाठचाही नव्हे. संस्कृत काव्यशास्त्रात ज्याला 'कविसमय' म्हटले आहे आणि राजशेखराने 'काव्यमीमांसे'त ज्याची सविस्तर चर्चा केली आहे, त्या जातीचा तो आहे. चकोर चांदणे पितो, हंस दूध आणि पाणी वेगळे करतो. हे कोणी पाहिलेले नसते, पण सर्वांना मान्य असते. पैठणीचा मोर हा विणकरांचा कविसमय आहे. तो मंगलाचा, वैभवाचा, वर्षाऋतूचा संकेत आहे, पत्ता नव्हे. उलट टी-शर्टावरचे चित्र स्वतःला संकेत म्हणवीत नाही. ते नाव घेऊन येते: अमुक डोंगर, अमुक अरण्य, मी येथे गेलो होतो. एकीकडे स्थलरहित निसर्ग, दुसरीकडे स्थलनाम हेच ज्याचे सर्वस्व आहे असा निसर्ग. ह्या दोहोंच्या मध्ये आमचा स्वतःचा तालुका मात्र कोठेच नव्हता. मनमाडहून अंकाईकडे येताना गाडीच्या खिडकीतून दिसणारी हडबीची शेंडी, अंकाई-टंकाईची जोडगोळी, ईशान्येकडचा ममदापूर-राजापूरचा माळ: ह्यांपैकी काहीही कोणाच्या पदरावर नव्हते आणि कोणाच्या छातीवरही नव्हते.

ममदापूरच्या माळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. येवला तालुक्याचा हा भाग अवर्षणाचा. खुरटे गवत, बोरी-बाभळी, मुरमाड जमीन. ह्या माळावर काळवीट राहतात. शासनाने येथील पन्नासहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्र 'संवर्धन राखीव' म्हणून घोषित केलेले आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य ह्यांच्याहून ही व्यवस्था वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली जी दुरुस्ती झाली, तिने ही तरतूद आली, आणि तिच्यात भोवतालच्या गावकऱ्यांशी विचारविनिमय गृहीत धरलेला आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. त्यांत माळरानासाठी म्हणून राखलेले एकही नाही. ह्याचे एक कारण आपल्या भाषेतही दडले आहे, असे आम्हांस वाटते. माळाला आपण 'पडीक', 'ओसाड', 'बरड' म्हणतो. अरण्य म्हटले की आपल्याला वृक्ष लागतात; गवत हे आपल्या लेखी अरण्य नसतेच. मारुती चितमपल्लींनी मराठीला 'सारंगागार', 'काकागार' असे शब्द दिले, व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' दिले. पण वाचक त्या पुस्तकांतून बाहेर पडून जंगल शोधायला निघतो तो विदर्भाच्या दिशेने, घरामागच्या माळाच्या दिशेने नव्हे.

खरे तर ज्या प्राण्याला येथे काळवीट म्हणतात, त्याची वाङ्मयीन कुळी मोराहून कमी नाही. संस्कृतातला 'कृष्णसार' तो हाच. मनुस्मृतीत तर जेथे कृष्णसार स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञाला योग्य मानला आहे. 'शाकुंतला'चा पहिला अंक सुरू होतो तो पळणाऱ्या कृष्णसाराच्या मागे धावणाऱ्या दुष्यंताच्या रथाने. मान वळवून मागे पाहत धावणारे ते हरीण आपण सर्वांनी कधी ना कधी वर्गात शिकवले आहे. तापस मध्ये येऊन राजाचा बाण थांबवतात: हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नका. संबंध नाटकाची नीती त्या एका अडवण्यात आहे. आणि तो प्रवेश ऐकणारी जी मुले समोर बसलेली असतात, त्यांतील काहींनी सकाळी बस पकडण्यापूर्वी स्वतःच्या शेतातून ह्याच जातीचा कळप हाकललेला असतो. ग्रंथातले हरीण आणि बांधावरचे हरीण ह्यांची गाठ मात्र पडत नाही.

ती गाठ पडली एका टी-शर्टामुळे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर त्या भागातल्या एका गावात ठरले, आणि शिबिराचा म्हणून एक टी-शर्ट असावा अशी मुलांची हौस. चाळीस टी-शर्ट, एकच रंग, कारण वर्गणी तेवढीच. 'ममदापूर हे आपले नॅशनल पार्क', असे एक मुलगा म्हणाला. त्यावर दुसऱ्याने ते राष्ट्रीय उद्यान नसून संवर्धन राखीव असल्याची दुरुस्ती केली, आणि चर्चा मराठी विभागात आली. पहिला कच्चा आराखडा अपेक्षेप्रमाणेच होता: मागे सूर्याचे वर्तुळ, पुढे दोन डोंगर, सूचिपर्णी वृक्ष आणि त्यांच्या मधोमध उभे असलेले काळवीट. येवल्यात देवदार कोठून आले, असे विचारल्यावर चित्र काढणारा म्हणाला, "सर, पार्क म्हटलं की असंच असतं." कविसमय असा तयार होतो. आठवडे बाजारातून.

झाडे गेली, डोंगराच्या जागी अंकाई-टंकाई आली. मग खालच्या मजकुराचा प्रश्न निघाला. बहुतेकांचे मत 'काळवीट वाचवा' ह्या बाजूचे होते. तेव्हा वर्गातली एक विद्यार्थिनी, जी एरवी फारशी बोलत नसे, म्हणाली, "मॅडम, कोणापासून वाचवा? आमच्यापासून?" तिचे घर माळाला लागून असलेल्या वस्तीवर. पावसाळ्यात मूग, बाजरी, मका कोवळे असताना आणि पुढे हरभऱ्याच्या वेळी कळप शेतात उतरतात. "पप्पा रात्रीचं राखणीला शेतात झोपतात ते ह्यांच्यामुळं. अन् मी त्यालाच अंगावर मिरवू?" पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळण्याची तरतूद आहे, पंचनामा होतो, वगैरे माहिती एकाने दिली. तिने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "पंचनामा पिकाचा होतो. झोपेचा होत नाही."

ह्या वाक्यावर वर्गात काही वेळ कोणी बोलले नाही. आम्हांलाही बोलण्यासारखे काही नव्हते. दुष्यंताला अडवणारे तापस कंदमुळे खाऊन राहत होते, त्यांच्या शेतात मका नव्हता, हे आमच्या मनात आले. करुणेचा खर्च कोण सोसतो हा प्रश्न कालिदासाला पडण्याचे कारण नव्हते. ममदापूरच्या शिवारात तो रोज पडतो. विशेष म्हणजे ही मुलगी हरणांची वैरी नव्हती. तिनेच पुढे सांगितले की उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात वस्तीकडे आलेली हरणे कठडा नसलेल्या विहिरींत पडतात. मग तिचे वडील आणि शेजारी दोर, बाज, जे हाती लागेल ते घेऊन धावतात. पीक खाल्ले म्हणून रात्री ज्याला हाकलले, त्यालाच दुपारी विहिरीतून वर काढायचे. "वाचवा असं लिहायचं तर आम्ही वाचवतोच की," ती म्हणाली, "पण चित्रात आम्ही कुठंय?"

चित्रात कोण असते आणि कोण नसते, हा प्रश्न केवळ आमच्या चाळीस टी-शर्टांपुरता नाही. ताडोब्याच्या प्रवेशद्वारांपाशी जे टी-शर्ट विकत मिळतात, त्यांवर वाघाचा चेहरा असतो. पट्टे, डोळे, बस्स. ताडोबा हे नाव ज्या तारू नावाच्या लोकदेवतेवरून आले, ज्याचे ठाणे तेथल्या तलावाकाठी आहे, तो देव त्या चित्रात नसतो. त्याला पुजणारे गोंड नसतात. भोवतालच्या गावांतली, सरपणाला किंवा तेंदूपानाला जाताना जीव मुठीत धरणारी माणसेही नसतात. त्या तुलनेत वारली चित्र पाहावे. वारली चित्रांचे टी-शर्ट आज सर्वत्र मिळतात. जिव्या सोमा मशे ह्यांच्यासारख्या कलावंतामुळे भिंतीवरची ती कला कागदावर आली, जगभर गेली; कापडावर ती इतरांनी आपापल्या सोयीने नेली. तिचा बाजार झाला हे खरे. परंतु मूळ रचनेत माणूस, झाड, बैल, वाघ्या देव सगळे एकाच पृष्ठभागावर, एकाच पांढऱ्या रंगात असतात. एकही रेघ 'पाहणाऱ्या'ची नसते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आजही वारल्यांचे पाडे आहेत आणि तेथे वाघोबाला शेंदूर लागतो. उद्यानाची सीमा आखण्यापूर्वीच त्यांच्या चित्राने ती अमान्य केली होती, असे म्हणावेसे वाटते.

आमच्या चित्रात विहीर आली ती अशी. ती कल्पना त्या मुलीचीच. काळवीट धावते आहे आणि त्याच्या पायांखाली एक काळे वर्तुळ आहे, इतकेच. ते रेखाटून दिले विणकराच्या घरातल्या एका मुलाने. त्याने कागद घेतला तो आलेखाचा, सवयच तशी. काळविटाची पीळदार शिंगे चौकटीचौकटींतून वर चढवताना त्याने दोन दिवस खोडरबर झिजवले. "मोराच्या मानेपेक्षा हे अवघड आहे," तो म्हणाला, "पीळ पायऱ्यांत बसत नाही." चित्र पुरे झाल्यावर आम्ही त्याला विचारले, हे पदरावर विणता येईल का? त्याने घरी विचारून उत्तर आणले. त्याचे वडील म्हणाले होते, "विणता सगळं येतं. मोराला गिऱ्हाईक आहे, हरणाला आहे का?" ह्या उत्तरात कडवटपणा नव्हता, हिशेब होता. एका पदरामागे महिनोन्महिने बसणाऱ्या माणसाने नवा संकेत स्वतःच्या जोखमीवर का म्हणून सुरू करावा? परंपरा टिकते ती श्रद्धेने, असे आपण वर्गात सांगतो. ती गिऱ्हाइकानेही टिकते, हे मागावर बसलेला माणूस सांगतो. पैठणीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने 'पैठणी' ह्या नावाला भूगोल मिळवून दिला; तिच्यावरच्या मोराला मात्र तो मिळालेला नाही, आणि त्या मोराला त्याची गरजही नसावी.

मजकुराचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. 'वाचवा' गेले. 'काळविटांचे माहेरघर' असे एक वृत्तपत्री मथळ्याचे शीर्षक सुचले, तेही गेले. माहेरी कोणी राखणीला बसत नाही, असे कोणीतरी हळूच म्हणाले. अखेर विहिरीखाली फक्त 'ममदापूर-राजापूर' एवढीच अक्षरे राहिली. चाळीस टी-शर्ट छापून आले. शिबिरातल्या गावात ते पाहून एका आजोबांनी विचारले, "हे आपलंच नाव हाय ना रं?" आपल्या गावाचे नाव निवडणुकीच्या फलकाखेरीज आणि बसच्या पाटीखेरीज कोठे लिहिलेले त्यांनी बहुधा पाहिले नव्हते. त्या मुलीने आपला टी-शर्ट घेतला, घडी करून पिशवीत ठेवला. तो अंगात घातलेली ती आम्हांस कधी दिसली नाही. आम्ही विचारलेही नाही. जे चित्र तिने पुरे केले ते मिरवण्याचे बंधन तिच्यावर नव्हते.

टी-शर्ट आणि पैठणी ह्यांची तुलना येथे थांबत नाही. शान्ता शेळके ह्यांची 'पैठणी' ही कविता आपण सर्वांनी शिकवली आहे. आजीच्या वस्त्रातून एक संबंध आयुष्य पुढच्या पिढीच्या हाती येते, हा तिचा गाभा. टी-शर्टाच्या नशिबी असे काही नसते. दोन-तीन वर्षांत त्याचा रंग उडतो, मग तो शेतावर जातो, आणि शेवटी फडके होऊन ट्रॅक्टर पुसतो. कोणी नात ते फडके उराशी धरणार नाही. म्हणून ते क्षुद्र ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. टिकाऊ वस्त्राला टिकाऊ संकेतच परवडतात. त्यावर आजचे भांडण विणता येत नाही. स्वस्त, अल्पायुषी कापडावर ते छापता येते, पुढच्या वर्षी बदलता येते. महाकाव्याशेजारी वृत्तपत्रातल्या स्फुटाची जी जागा, तीच पैठणीशेजारी ह्या कापडाची. अट एवढीच की स्फुट आपल्या गावाविषयी असावे. देवदारांच्या रांगा छापणारा टी-शर्ट महाकाव्यही नसतो आणि स्फुटही नसतो.

मराठीत 'मृगजळ' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातला मृग आणि त्यातले जळ दोन्ही पुसले गेले आहेत. उरली आहे ती केवळ एक अलंकारिक निराशा. एप्रिलच्या दुपारी ममदापूरच्या माळावर उभे राहिले तर तो शब्द पुन्हा सुटा होतो. समोर तापलेल्या जमिनीवर पाणी हलताना दिसते, पलीकडे खरोखरीचे हरीण उभे असते, आणि खरे पाणी असते ते वन खात्याने टँकरने भरलेल्या एखाद्या पाणवठ्यात किंवा कठडा नसलेल्या विहिरीच्या तळाशी. यंदा प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही हा शब्द निबंधासाठी दिला आहे. अट एकच घातली आहे: उपमा म्हणून तो वापरायचा नाही.